साडेतीनची घंटा

लोगन, ब्रिस्बेन
रविवार, १४ मे २०२३

प्रिय पेनिना,

आठवतंय का तुला, आपण गावच्या तळ्यावर केस धूत होतो आणि संध्याकाळची घंटा झाली? तुझं डोकं नुकतंच साबणाने भरलं होतं. पहिल्या घंटेला घर गाठायचं, दुसरीला प्रार्थनेला बसायचं, आणि आपल्याला ऐकू आली ती थेट दुसरीच. मग तिथेच दगडावर बसलो. तिसरी घंटा होईपर्यंत हलायची सोय नव्हती. वारा सुटला आणि तुझ्या केसांतला फेस वाळायला लागला. वाळताना तो बारीक तडतडत होता. मला इतकं हसू येत होतं की मी ओठ चावून धरला होता. काठावर आई उभी होती, डोळे मिटून. तिसरी घंटा झाली तशी ती खाली उतरली, करवंटीने तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "हं, आता हसा."

बावन्न वर्षं झाली. काल भांडी घासताना फेस तडतडला आणि मी एकटीच हसले.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग दोघीही "तू बोल, तू बोल" करत बसतो. शिवाय रविवारी समास सोडून पत्र लिहायची, शाळेतल्या सिस्टर मारी-तेरेझनी लावलेली सवय अजून सुटत नाही. इथल्या फेतूचं कुटुंब लग्नाला सवाई बेटावर निघालंय, त्यांच्या हाती देते.

इथे चर्चमध्ये सगळे म्हणतायत की आपल्या बेटाचा रेडिओ आता फोनवर थेट ऐकता येणार आहे. खरं आहे का? कधी? तू तिथे एकतीस वर्षं निरोप वाचतेस, तुला माहीत असणार. आई विचारत असते. तिची तब्येत बरी आहे. मागच्या वर्षी माझ्या लेकाने, ताविताने तिकडून दोन तासांचा रेडिओ फोनमध्ये भरून आणला होता, तो तिला लावून दिला. तिने शांतपणे ऐकला आणि त्यातल्या मरणाच्या बातमीवर म्हणाली, "हा पाउलो गेल्याला तर वर्ष झालं. मला शिळं का वाढताय?"

तेव्हा ताजं हवं. होईल तितकं लवकर कळव.

तुझी,
व्हितोलिया


सालेफाओ, सवाई
रविवार, ४ जून

प्रिय व्हितोलिया,

तळ्यावर हसली होतीस तू आणि कान धरला होता माझा. मावशीने पाणी ओतलं हे खरं, पण घरी गेल्यावर काय झालं ते तू सोयीस्करपणे विसरलीस.

हो, ॲपचं खरं आहे. आपला इओआने आता स्टेशनचा मॅनेजर आहे. मी त्याला पहिलीच्या वर्गात नाक पुसताना पाहिलंय, त्यामुळे मॅनेजर म्हणून त्याच्याकडे बघताना मला जरा वेळ लागतो. त्याने ब्रिस्बेनच्या एका कंपनीशी बोलणं केलंय. आपला आवाज ते घेणार आणि जगभर फोनवर सोडणार. त्यासाठी एक अर्ज भरायचा होता. 'आपले केंद्र कोणत्या प्रकारचे आहे?' असा प्रश्न, आणि पुढे पर्याय: संगीत, बातम्या, खेळ, गप्पा. इओआने म्हणाला, "बाई, आपण कुठली खूण करायची?" मी म्हटलं, "कोण वारलं, कुणाची बोट चुकली, कुणाचं डुक्कर सुटलं, असा पर्याय दिसतोय का बघ." नव्हता. मग त्याने 'गप्पा'वर खूण केली.

पण स्टेशनच्या मंडळाचे लोक म्हणतायत, आधी छप्पर, मग ॲप. छप्पर गळतं हे खरंच आहे. मी ताकद लावणार होते, पण घाई कसली? तुम्हा परदेशातल्या लोकांना रग्बी आणि नाचगाणी ऐकायची हौस असते हे मला माहीत आहे. ख्रिसमसपर्यंत होईल. मावशीला माझा मुका. तिला सांग, तिची मैत्रीण तालोसाना अजून जिवंत आहे आणि अजून महिला मंडळाच्या बायकांना चटईच्या कडा उसवायला लावते.

तुझी,
पेनिना


लोगन
रविवार, २ जुलै

पेनिना,

मी तुला खोटं लिहिलं. आईची तब्येत बरी नाही.

फेब्रुवारीपासून ती रात्रीचं जेवत नव्हती. आता दुपारचंही सोडलंय. ती रागावलेली नाही, हट्टही करत नाही. पांढऱ्या ताटलीत तारोचे कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पानं वाढून समोर ठेवते, ती वर झाकण घालते आणि विचारते, "घंटा झाली का?" मी म्हणते, "झाली, आई." ती म्हणते, "मग मला कशी नाही ऐकू आली? माझे कान चांगले आहेत." आणि कान खरंच चांगले आहेत. गेलं ते बाकीचं. कधी मला नावाने हाक मारते, कधी सिस्टर म्हणते. पण घंटेशिवाय जेवायचं नाही, एवढं तिच्यात घट्ट राहिलंय.

आम्ही पातेलं वाजवलं. "हे पातेलं आहे," म्हणाली. ताविताने गावच्यासारखं गॅसचं रिकामं सिलिंडर आणून अंगणात टांगलं आणि लोखंडाने ठोकलं. शेजारचा धावत आला, त्याला वाटलं काही फुटलं. आई म्हणाली, "कुठल्या गावची ही? आपली नव्हे." फोनमधली जुनी घंटाही लावून पाहिली. तुकडे जोडून भरलेलं ते, घंटेच्या आधी सकाळचं हवामान होतं, ते ऐकून ती हसली. "सकाळी कुणी संध्याकाळची प्रार्थना करतं का गं?"

चौतीस किलो वजन आहे. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर दोन महिने. नळी घालायला ती नाही म्हणते, आणि मला तिचे हात बांधायचे नाहीत.

रग्बी नको गं मला. मला घंटा हवी आहे, आजची, आणि तुझ्या आवाजानंतर आलेली. तुझा आवाज तिला कधीच अनोळखी वाटत नाही. तू पोरकी झालीस तेव्हा तिनेच तुला कुशीत घेतलं होतं, म्हणून मी तुझ्याकडेच मागते.

व्हितोलिया


सालेफाओ
रविवार, २३ जुलै

व्हितोलिया,

वेडे, हे आधी का नाही लिहिलंस? मी तुला रग्बीचे टोमणे मारत बसले.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मंडळाची बैठक होती. मला बोलावलं नव्हतं. मी गेले, दाराशी मांडी घालून बसले आणि तुझं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत निरोपाच्या आवाजात वाचून काढलं. मग म्हणाले, "छप्पर गळतंय तिथे मी बादली ठेवते. आता सही करा." केली.

सतरा तारखेला चाचणी सुरू झाली. आणि अठराला मी माती खाल्ली.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे. दुसऱ्या घंटेनंतर तिसऱ्या घंटेपर्यंत दहा मिनिटं रेडिओ गप्प असतो. पण बंद नसतो. वादळात रेडिओ बंद पडला की लोक घाबरतात, म्हणून पहिल्या मॅनेजरांनी नियम घातला की माइक चालू ठेवायचा आणि त्याच्यासमोर गप्प बसायचं. मी एकतीस वर्षं तशी बसतेय. आमच्या खोलीला चारी बाजूंनी चटया आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले, खिडकीसुद्धा. दाराशेजारच्या घंटेच्या सिलिंडरचा ठोका सोडला तर आत मुंगीचा आवाज येत नाही.

त्या दिवशी ॲप चालतंय का ते बघायला मी माझा फोन माइकपाशीच ठेवला होता. दुसरी घंटा झाली, मी हात जोडले, आणि अर्ध्या मिनिटाने फोनमधून धडाधड नाचाचं गाणं सुरू झालं! त्यामागून कोंबडीच्या जेवणाची जाहिरात. माइक चालू. प्रार्थनेच्या वेळी, अख्ख्या बेटावर! फोन कसा बंद करायचा ते मला सुचेना, मी तो मांडीखाली घेतला आणि त्याच्यावर बसले. तिथूनही तो गातच होता.

कंपनीतल्या ब्रेंडनला फोन लावला. तो म्हणाला, "तीस सेकंद आवाज आला नाही की आमचं यंत्र समजतं बिघाड झाला, आणि स्वतःचं संगीत लावतं. आवाज बराच वेळ टिकला की मगच ते थांबतं. तुमच्याकडे रोज दहा मिनिटं बिघाड होतो." मी म्हटलं, "बाळा, बिघाड नाही, प्रार्थना आहे." तो चांगला मुलगा आहे. पण नियम सगळ्या केंद्रांना एकच, आपल्यापुरता बदलता येत नाही म्हणतो. "तुम्हीच हलकं संगीत लावा ना, मॅडम."

गावपंचायतीने स्टेशनला दंड केला आहे: दोन डुकरं आणि मासळीच्या डब्यांची दहा खोकी. पंचायतीतल्या म्हाताऱ्या लेओतांनी स्वतः सुनावला. स्टेशनच्या शेजारीच राहतात, पण माझ्याकडे बघितलंही नाही. मंडळाने ॲप थांबवायचं म्हटलं. मी एक महिना मागून घेतलाय.

तू मावशीला कोमट कोको पाजत राहा. ते पेय आहे, जेवण नाही, असं सांग. ऐकेल कदाचित.

पेनिना


लोगन
रविवार, ६ ऑगस्ट

प्रिय पेनिना,

कोको घेते. देव तुझं भलं करो.

चाचणी इथेही ऐकली आम्ही, इओआनेच्या बायकोने फोन करून कळवलं होतं. तुला ते सांगू की नको, असा विचार करत होते. तुमचे साडेसहा म्हणजे इथले दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन. तू फेरीबोटीची वेळ वाचलीस तेव्हा आईने मान वर केली. "पेनिनाला सर्दी झालीय," म्हणाली. झाली होती का? मग पहिली घंटा. ती खुर्चीत सरळ झाली. दुसरी घंटा झाली आणि तिने हात जोडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा! आणि मग ते गाणं आलं. तिसरी घंटा त्या गाण्याखाली कुठेतरी होऊन गेली असेल, आम्हाला ऐकू आली नाही. ती तशीच हात जोडून बसून राहिली. पाच वाजता मी तिचे हात सोडवले. "अजून तिसरी नाही झाली," ती म्हणाली.

मधे चार दिवस दवाखान्यात होती. आता घरी आहे.

ब्रेंडन म्हणतो तसं हलकं संगीत लावून टाका. आणि इओआनेच्या बायकोने मला जे सांगितलं ते तू लपवलंस. पुन्हा चूक झाली तर मंडळ तुला घरी बसवणार आहे ना? नको करूस. आई म्हातारी आहे. तू अजून वाचतेस, लोकांना तू लागतेस.

व्हितोलिया


सालेफाओ
रविवार, २७ ऑगस्ट

व्हितोलिया,

सर्दी झाली होती.

संगीत लावणार नाही. मावशीला ते कळेल, आणि कळलं नाही तरी मला कळेल. इओआनेच्या बायकोचं तोंड मी नंतर बघते.

आता ऐक. मी रोज त्या दहा मिनिटांत बसून विचार करत होते. यंत्राला शांतता चालत नाही. बरं. पण त्या वेळी गाव कुठे शांत असतं? घराघरांतून स्तोत्रं चाललेली असतात. गप्प असते ती फक्त आमची खोली, कारण आम्ही तिचे कान बुजवलेत. मी इओआनेला म्हटलं, "हातोडी आण." "बाई, तो साउंडप्रूफ स्टुडिओ आहे!" "म्हणूनच आण." खिडकीवरची चटई काढली, मागे अंड्यांचे ट्रे, त्याच्या मागे काचेच्या पट्ट्या. गंजल्या होत्या. खोबरेल तेल घालून उघडल्या. समोर थेट लेओतांचं घर.

पहिल्या दिवशी माइक खिडकीत ठेवला. समुद्र आला, कुत्रं आलं, पण लेओतांचं घर मागच्या खोलीत प्रार्थना करतं, ते काही पोचेना. दुसऱ्या मिनिटाला नाचगाणं हजर. या वेळी फोन इओआनेच्या गाडीत होता, काचा वर करून. त्यामुळे बेट वाचलं.

मग मी लेओतांकडे गेले. चटईवर बसले. ते म्हणाले, "दंड भरून झाला. आता काय?" मी म्हटलं, "तुमची प्रार्थना हवी आहे, रेडिओवर." त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता आणखी दोन डुकरं. "प्रार्थना दाखवायची वस्तू नाही, पेनिना." मी म्हटलं, "दाखवायची नाही. लांगी मावशी तिकडे जेवत नाहीये. तिला घंटा ऐकू येत नाही."

मग आतून त्यांची बायको ओरडली, "कोण लांगी? माझी लांगी?" तालोसानाच ती, लेओतांकडे दिली आहे हे तू विसरली असशील. पाय ओढत बाहेर आली. "ती जेवत नाही? ती? सगळ्यांच्या ताटातलं संपवणारी?" आणि नवऱ्याला म्हणाली, "बसलायत काय? चटया पुढच्या ओसरीत टाका."

गुरुवारपासून ते सगळं घर, चौदा माणसं, स्टेशनच्या बाजूच्या ओसरीत बसतंय. तालोसाना सर्वांत पुढे. इओआनेने माइकची तार वाढवून तो खिडकीच्या बाहेर टांगलाय, वर पावसासाठी माझी जुनी टोपली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस यंत्र गप्प बसलं. ब्रेंडनने फोन केला, "मॅडम, बिघाड गेला. मागे कोण गातंय?" मी म्हटलं, "शेजारी."

मंडळाने सोमवार, चार सप्टेंबरपासून ॲप सर्वांसाठी खुलं करायचं ठरवलंय. साडेतीनला पडदे ओढून घे. ताटली तयार ठेव. झाकण घाल.

पेनिना


लोगन
रविवार, १० सप्टेंबर

पेनिना, माझी पेनिना,

सोमवारी तीनलाच पडदे ओढले. तावित कामावरून लवकर आला. फोन आईच्या उशाशी ठेवला. तू निरोप वाचलेस: फासितोचं डुक्कर, तेओच्या मुलीचं बारसं, बोट एक तास उशिरा. आई डोळे मिटून पडली होती. पहिली घंटा. दुसरी घंटा. तिने हात जोडले.

तीस सेकंद. मी मोजत होते. वीसवर पोचले तोच कोंबडा, आणि स्तोत्र. लांबून, वाऱ्यात हलणारं, कुणाचं तरी मूल मधेच खोकलं. आणि सगळ्यांच्या एक शब्द मागून, सर्वांत मोठ्याने, तो एक आवाज. आईने एक डोळा उघडला.

"तालोसाना," म्हणाली. "अजून मागेच."

मग परत मिटला. ओठ हलत होते. ती सगळे शब्द म्हणत होती, पेनिना, एकही न चुकता.

तिसरी घंटा झाली. खणखणीत. तिने स्वतः झाकण काढलं, ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आता वाढ ना, बघतेस काय?" वाढलेलंच होतं. मी आणखी वाढलं.

दोन तुकडे तारो आणि सगळी पानं. तावित बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला. मी इथेच रडले. आई म्हणाली, "मीठ कमी आहे."

आठवडाभर रोज जेवतेय. आम्हीही सगळे साडेतीनलाच जेवतो, दवाखान्यातल्यासारखे. शाळेतून पोरं येतात तर घरात काळोख आणि ताटं मांडलेली.

लेओतांच्या पाया पड माझ्या वतीने. तालोसानाला काही सांगू नकोस, ती फुगेल.

तुझी,
व्हितोलिया


लोगन
रविवार, २९ ऑक्टोबर

प्रिय पेनिना,

आईची बातमी तू वाचलीस, ती मी ऐकली. एकोणीस तारखेला ती गेली आणि वीसला, घंटेच्या आधी, तुझ्या यादीत ती तिसरी होती. फासितोच्या आजोबांनंतर, आणि बोटीच्या वेळेच्या आधी. तू अडखळली नाहीस. नाव पूर्ण घेतलंस, गाव घेतलंस, मुलं नातवंडं सगळी घेतलीस, शेवटी "आणि भाचीला वाढवलं" असं म्हणालीस आणि पुढच्या निरोपावर गेलीस. नंतरच्या दहा मिनिटांत मात्र स्तोत्रात एक शब्द मागे राहणाऱ्या दोघी होत्या. खिडकीशी तूही गात होतीस ना?

सेहेचाळीस संध्याकाळी ती जेवली. मी मोजल्या आहेत. शेवटची सुद्धा. तारो अर्धा राहिला, तो तिने झाकून ठेवायला सांगितला, दुसऱ्या दिवशीसाठी.

इथेच पुरलं तिला, तिची तशी इच्छा होती. "पोरांना यायला जवळ," म्हणाली. पण तिच्या वस्तू घरी याव्यात असंही म्हणाली. शेवटच्या आठवड्यात ती एका सकाळी अगदी लख्ख होती. मला नावाने हाक मारली, कागद आणायला लावला आणि सांगत गेली. तिने जसं सांगितलं तसं मी लिहून घेतलंय. पेटी जहाजाने येतेय, नोव्हेंबरच्या अखेरीस पोचेल. तू उघड आणि तूच वाट.

बारीक विणीची मोठी चटई लेओतांच्या घरी द्यायची. घडी न मोडता, दोघींनी धरून, समोरून न्यायची. मागच्या दाराने नाही.

हाताचं शिवणयंत्र शाळेला. सिस्टर कुणी उरल्या असतील तर त्यांच्या हातात, नाहीतर शिवण शिकवते तिच्या. त्याचं चाक डावीकडे ओढतं, ते आधी सांगायचं.

जपमाळ माझ्याकडे राहील. इस्त्री इथेच, फेतूच्या बायकोला, कारण तिने मागितली होती आणि आई तेव्हा नाही म्हणाली होती.

ब्रेंडन नावाच्या मुलाला हाताने विणलेला पंखा. तो कोण हे तिला नीट कळलं नव्हतं, पण "ज्याने घंटा येऊ दिली" असं म्हणाली. पत्ता तू मिळव.

तालोसानाला तिची शिंपल्यांची फणी. त्याबरोबर निरोप आहे, तो रेडिओवर वाचायचा नाही, कानात सांगायचा: दुसऱ्या कडव्याला श्वास आधी घे, म्हणजे मागे राहणार नाहीस. आणि तू मागे राहिली नसतीस तर मला घर ओळखू आलं नसतं, हेही आईचंच सांगणं.

पांढरी ताटली आणि तिचं झाकण तुला. तू स्टेशनवरून उशिरा घरी येतेस आणि उभ्या उभ्या जेवतेस, हे तिला माहीत होतं. तेव्हा अट अशी आहे: ताटली स्टेशनवरच न्यायची, भरून, खिडकीत ठेवायची, आणि तिसरी घंटा झाली की तिथेच बसून जेवायचं. खिडकी कुणी पुन्हा बुजवायला आला तर त्यालाही वाढायचं.